सोशल अमीबा उसाची लाल कूज खात नाही

कागल-शिरोळकडच्या ऊसवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'सोशल अमीबा झुंडीनं तुटून पडतो, वाईट जीवाणू संपवतो, चांगले सोडतो. जीवामृतातून कल्चर सोडा, लाल कूज आणि काणी गेलीच समजा.'

झुंडीनं? उलटं आहे. हा सोशल अमीबा, म्हणजे मातीतला एकपेशी जीव डिक्टिओस्टेलियम, शिकार करतो तेव्हा एकटाच असतो. जीवाणू सोडतात त्या फॉलिक आम्लाचा माग काढत तो सरकतो, पेशीपटलाचा पेला करून जीवाणूला वेढतो आणि आत घेतो. तिथं काही मिनिटांत आम्लता वाढते, विकरं जीवाणूची भिंत फोडतात आणि न पचलेलं बाहेर टाकलं जातं. खायला भरपूर असलं तर तीन-चार तासांत एकाचे दोन होतात. खाणं संपलं की मगच जमाव! उपाशी पेशी सायक्लिक एएमपी नावाचं इशारा देणारं रसायन सोडतात, त्याच्या मागावर लाखभरापर्यंत पेशी गोळा होतात आणि साधारण २४ तासांत देठ नि त्यावर बीजाणूंचा गोळा तयार होतो. सुमारे २० टक्के पेशी देठ होऊन मरतात. म्हणजे झुंड दिसली, की शिकार थांबली.

'वाईट तेवढे खातो' हेही खोटं. आपल्या पिकाचा नफा-तोटा त्याला काय ठाऊक? पचेल ते खातो, जीवामृतातले जीवाणूही. स्यूडोमोनास जातीचे काही जीवाणू मात्र त्यालाच मारतात, आणि लिजिओनेला हा जीवाणू गिळला तर त्याच्या पोटातच वाढतो. संपवण्याचं म्हणाल, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रानातून आणलेल्या अमीबाच्या वाणांपैकी सुमारे एकतृतीयांश वाण जीवाणू सगळे न खाता बीजाणूंबरोबर नेताना आणि नव्या जागी पेरताना आढळले.

त्यात तापमान. प्रयोगशाळेत त्याला क्लेबसिएला जीवाणूंच्या थरावर २०-२२ अंशांत वाढवतात. २७ च्या वर वाढ खुंटते. मे महिन्यात आपल्याकडं पारा ३५ च्या पुढं असतो.

आणि मूळ घोळ असा, की लाल कूज नि काणी हे बुरशीचे रोग. जीवाणू खाणारा आणून तिथं काय होणार? काणीचा चाबूक, म्हणजे शेंड्यातून निघणारा काळा लांब दांडा, दिसला की कापायच्या आधी त्यावर पिशवी चढवा, नाहीतर काळी भुकटी शेजारच्या सरीत उडते. मग बेट मुळासकट उपटून जाळा. लाल कूज लागलेल्या रानातलं बेणं घेऊ नका, खोडवाही ठेवू नका.