उत्सवमूर्तीला कळता कामा नये

जोडीदाराच्या वाढदिवसाला त्याच्या नकळत जेवणाचा बेत आखण्याचे आपण ठरवले असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. वाढदिवस ज्याचा आहे त्याला काय हवे हे विचारण्याची कटकट या एकाच निर्णयाने मिटते, कारण विचारले तर गुपित फुटते. त्या दिवशी दोघांनीच निवांत जेवावे आणि लवकर झोपावे, अशी एखादी क्षुद्र इच्छा त्याने वर्षभरात चार वेळा बोलून दाखवली असेल. तो केवळ विनय समजावा.

तयारी दोन आठवडे आधी सुरू करावी आणि ती चेहऱ्यावर दिसू द्यावी. जोडीदार खोलीत येताच फोन पालथा ठेवणे, दबक्या आवाजात बोलायला वारंवार बाहेर जाणे आणि ‘कुणाचा फोन होता?’ या प्रश्नाला ‘कुणाचा नाही’ असे उत्तर देणे, ही या शास्त्राची मुळाक्षरे आहेत. या पंधरवड्यात त्याच्या मनात आपल्याविषयी जे काही येईल, ते केक पाहताच निघून जाईल, यावर श्रद्धा असावी.

पाहुण्यांसाठी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढावाच. त्यात १०२४ माणसे मावतात, तेव्हा हात आखडता घेण्याचे कारण नाही. ‘सगळ्यांनी सोफ्यामागे लपा’ हा संदेश चुकून जोडीदारालाच गेला, तरी घाबरू नये. तो सर्वांसाठी काढून टाकता येतो. मागे उरते ती फक्त संदेश काढून टाकल्याची नोंद, जी मूळ संदेशापेक्षा कितीतरी अधिक काळ माणसाला जागे ठेवते. बँक खाते सामायिक असेल, तर केकचे पैसे त्यातूनच भरावेत. पुढचे काम बँक तत्परतेने करते.

प्रत्यक्ष दिवशी वाढदिवस साफ विसरल्याचे सोंग वठवावे. सकाळी जोडीदार दोनदा विनाकारण तारीख विचारील. आपण वीजबिलाचा विषय काढावा. संशयाला जागाच नको, म्हणून ‘मला आज उशीर होईल, तू जेवून घे’ असेही सांगून टाकावे. ही युक्ती मी स्वतः वापरली असल्याने तिच्या परिणामाची हमी देऊ शकतो: पत्नी खरोखरच पोटभर जेवून घरी आली. तोवर सोफ्यामागे अकरा माणसे चाळीस मिनिटे अंधारात उकिडवी बसली होती. कुलपात किल्ली फिरली त्याच वेळी कुणाचा तरी गुडघा कडकन वाजला. पण तिला तो ऐकू आला नाही, कारण ती फोनवर बोलतच आत आली होती, आणि बोलण्याचा विषय होता सख्ख्या माणसाचा वाढदिवसही लक्षात न ठेवणारा एक गृहस्थ. तो गृहस्थ त्या वेळी दिव्याच्या बटणावर बोट ठेवून उभा होता. दिवा नेमका कोणत्या वाक्याला लावायला हवा होता, हे त्याला अजूनही ठरवता आलेले नाही.

मेणबत्त्यांच्या वेळी शांतता पसरलीच, तर थोडी शास्त्रीय माहिती द्यावी. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मेणबत्त्या फुंकल्यामुळे केकवरच्या क्रीममधील जिवाणू १४०० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले होते. हे मात्र फुंकर मारून झाल्यावर आणि पाहुण्यांनी पहिला घास घेतल्यावर सांगावे, म्हणजे दाद मिळते.

पाहुणे गेल्यावर आपण साहजिकच फार दमलेले असाल, तेव्हा सोफ्यावर आडवे व्हावे. बाराच्या सुमारास उत्सवमूर्ती बाह्या सरसावून सिंकसमोर उभी राहील. तेथूनच ओरडून विचारावे, ‘खरं सांग, तुला जरासुद्धा कल्पना नव्हती ना?’ ‘छे, मुळीच नव्हती,’ असे उत्तर येईल. ते पाठमोरे येईल आणि नळ चालू असल्याने नीटसे ऐकूही येणार नाही. तरी ते मान्य करून झोपावे.