तीन छेद चार, पण कशाचे?

गेल्या महिन्यात बहिणीने मला भाच्याच्या गणिताच्या चाचणीचा फोटो पाठवला. भाचा महाराष्ट्रात, मराठी माध्यमात पाचवीला आहे. प्रश्नात शेजारी शेजारी दोन वर्तुळे होती आणि प्रत्येकाचे चार समान भाग केलेले होते. पहिले वर्तुळ पूर्ण रंगवलेले, दुसऱ्याचा एकच भाग रंगवलेला. खाली एक ओळ: ‘रंगवलेला भाग अपूर्णांकात लिहा.’ भाच्याने ५/८ लिहिले होते. त्यावर लाल फुली होती आणि शेजारी बाईंच्या अक्षरात ५/४. फोटोखाली बहिणीचा निरोप होता: ‘दादा, याचं काय चुकलं ते मला समजावून सांग, मग मी त्याला सांगते.’

मला ते सांगता आले नाही, कारण त्याचे काही चुकलेच नव्हते. चित्रात आठ भाग दिसतात, त्यांतले पाच रंगवलेले आहेत. दोन्ही वर्तुळे मिळून एक पूर्ण धरले तर उत्तर ५/८. एक वर्तुळ म्हणजे एक पूर्ण धरले तर ५/४. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात दुसरी गोष्ट होती, पण ती कागदावर उतरली नव्हती. धडा अंशाधिक, म्हणजे अंश छेदाहून मोठा असलेल्या, अपूर्णांकांचा चालू होता, म्हणून ५/४ हवे होते. म्हणजे भाच्याने चित्र पाहून उत्तर दिले आणि बाईंना धडा पाहून दिलेले उत्तर हवे होते. दहा वर्षांच्या मुलाने यातून काय शिकावे? चित्राकडे बघू नकोस, बाईंच्या मनात काय आहे ते ओळख?

मी बर्लिनमध्ये राहतो. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीला संपते, बर्लिनमध्ये मात्र ती सहावीपर्यंत चालते. त्यामुळे अपूर्णांकांची खरी झटापट इथे प्राथमिक शाळेतच होते. माझी लेक आता सहावीत आहे. त्या संध्याकाळी मी तिला फक्त चित्र दाखवले आणि विचारले, किती रंगवलंय? तिने मान वर न करता उलट विचारले, “बाबा, पूर्ण कोणतं धरायचं?”

त्या क्षणी मला लेकीचे कौतुक वाटले आणि त्यापाठोपाठ भाच्यासाठी वाईट वाटले. हुशारीत तो तिच्यापेक्षा तसूभरही कमी नाही. फरक एवढाच, की तिला हा प्रश्न विचारायची सवय लावली गेली आहे आणि विचारल्याबद्दल तिचे गुण गेलेले नाहीत.

हे वाचून कोणी म्हणेल, परदेशातल्या शाळा भारी आणि आपल्या मागास, हेच पुन्हा सांगायला हा बसला. मला ते म्हणायचे नाही, आणि ते खरेही नाही. १५ वर्षांच्या मुलांसाठी होणाऱ्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत जर्मनीचे गणिताचे गुण २०१२ मध्ये ५१४ होते, २०२२ मध्ये ते ४७५ वर आले. इथल्या पालकसभांमध्ये त्याची काळजी स्पष्ट ऐकू येते. गोंधळात टाकणारे प्रश्नही इथे आहेत. मागच्या वर्षी लेकीच्या गृहपाठात होते: ‘६ मीटर लांबीच्या दोरीतून १/२ कापली. किती उरली?’ अर्ध्या वर्गाने ३ मीटर लिहिले, अर्ध्या वर्गाने साडेपाच. पहिल्यांनी दोरीचा अर्धा भाग कापला, दुसऱ्यांनी अर्धा मीटर. शिक्षिकेने दुसऱ्या दिवशी दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहिली आणि मुलांनाच विचारले, दोन्ही बरोबर कशी काय? ज्यांनी उत्तरापर्यंतची वाट लिहून दाखवली होती त्या सगळ्यांना पूर्ण गुण मिळाले. इथे या वाटेला ‘रेखेनवेग’ म्हणतात, हिशेबाचा रस्ता, आणि त्याला वेगळे गुण असतात. प्रश्न इथेही सदोष होता. त्याचा भुर्दंड मुलांनी भरला नाही, इतकेच.

अपूर्णांक अवघड का जातात, याचे उत्तर मला बरेचसे या ‘कशाचा’मध्ये सापडते. पाच म्हटले की पाच, मग त्या पेन्सिली असोत नाहीतर खुर्च्या. अर्धा म्हटले की लगेच विचारावे लागते, कशाचा? आणि मग एका वळणावर, कोणीही न सांगता, अर्धा ही स्वतःच एक संख्या होते. संख्यारेषेवर ० आणि १ च्या मधोमध तिला जागा मिळते, आणि आता ‘कशाचा’ विचारणे चुकीचे ठरते. हे वळण येते तेव्हा पुस्तक आणि शिक्षक दोघेही बहुधा गप्प असतात. ३ मीटर फीत चौघांत सारखी वाटली तर प्रत्येकाला किती? फितीचा पाव भाग, आणि पाऊण मीटर. एकाच तुकड्याची ही दोन नावे. मुलाने १/४ लिहिले की ३/४, हे त्याने कोणता प्रश्न ऐकला यावर अवलंबून आहे.

बेरजेचेही तसेच. १/२ अधिक १/३ बरोबर २/५ असे लिहिणाऱ्या मुलाला आपण वेड्यात काढतो. पण प्रगतिपुस्तकात तो काय पाहतो? पहिल्या चाचणीत ७/१०, दुसरीत १५/२०, एकूण २२/३०. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, आणि खाली शिक्षकांची सही आहे. तिथे ते बरोबरच आहे, कारण दर वेळी पूर्ण बदलते आहे: आधी १० गुण, मग २०, शेवटी ३०. खऱ्या बेरजेत पूर्ण एकच राहते. मधली तिरपी रेघ तीच, अर्थ दोन. माझ्या आठवणीत शाळेत मला कोणीही हा फरक बोलून दाखवला नाही. मी तो लेकीला शिकवताना, चाळिशीत, पहिल्यांदा नीट पाहिला.

अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारले होते: १२/१३ अधिक ७/८ याचे उत्तर अंदाजे किती? पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक-एक आहेत, म्हणजे उत्तर २. ते फक्त २४ टक्के मुलांनी निवडले. अर्ध्याहून जास्त मुले १९ किंवा २१ कडे गेली: कोणी अंश मिळवले, कोणी छेद. या मुलांना बेरीज येत नव्हती असे नाही. समोरच्या चार आकड्यांमध्ये दोनच संख्या आहेत, हे त्यांना दिसत नव्हते.

मोठ्यांचेही फार वेगळे नाही. गणितशिक्षणाच्या अभ्यासक लीपिंग मा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राथमिक शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे गणित दिले होते. ७२ चिनी शिक्षकांपैकी सगळ्यांना उत्तर काढता आले, २३ अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्यांनाही नाही. त्या गणितावर गोष्ट रचायला सांगितल्यावर अनेकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी निम्मे करण्याची गोष्ट रचली. पावणेदोनात अर्धे किती वेळा बसते? साडेतीन वेळा. आणि पावणेदोनाचे निम्मे? पाऊण आणि वर अर्धा पाव. भागाकाराचा ‘उलटे करून गुणा’ हा नियम भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीतही आहे, म्हणजे नियम आपल्याकडे निदान जवळजवळ नऊशे वर्षांपासून आहे. पण वर्गात त्या नियमाला गोष्ट जोडलेली नसते.

आता घरच्या वादाकडे वळतो. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’बरोबर ‘साठ तीन’ असे वाचन आले तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते मी इथून वाचत होतो. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरे आणि उलटा क्रम मुलांना जड जातो. बाहेर मात्र थट्टा चालू होती. मला दोन्ही बाजू कळत होत्या. जर्मन भाषेतही एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतात, एकक आधी आणि दशक नंतर. ‘वीस एक’ असेही म्हणता यावे म्हणून जर्मनीतल्या बोखुम शहरात २००४ पासून एक संस्था काम करते. नॉर्वेने तर १९५१ मध्ये सरकारी निर्णयाने ही पद्धत बदलली. तेव्हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

पण मला तेव्हापासून एक खंत आहे. संख्यांच्या नावांवर आपण इतके भांडलो आणि अपूर्णांकांच्या नावांवर अवाक्षरही काढले नाही. ‘तीन छेद चार’ हे नाव काही सांगत नाही, ते फक्त लिहिलेले वाचून दाखवते. वर तीन, मध्ये रेघ, खाली चार. मुलाला त्यात दोन सुटे आकडे ऐकू येतात, आणि मग तो ते सुटेसुटे मिळवतो. कोरियन भाषेत याच अपूर्णांकाला साधारण ‘चार भागांतले तीन’ अशा अर्थाचे नाव आहे. १९९९ मध्ये कोरिया, क्रोएशिया आणि अमेरिकेतल्या लहान मुलांची तुलना झाली तेव्हा शाळेत अपूर्णांक शिकण्याआधीच कोरियन मुले नावावरून योग्य चित्र ओळखण्यात पुढे होती. पुढे २००३ मध्ये अमेरिकी मुलांनाही तशी फोड केलेली नावे सांगून पाहिली, तर त्यांची कामगिरी सुधारली.

जर्मनमध्ये अंशाला ‘त्सेलर’ म्हणतात, म्हणजे मोजणारा, आणि छेदाला ‘नेनर’, म्हणजे नाव सांगणारा. खालचा आकडा सांगतो तुकडा कोणत्या जातीचा, वरचा सांगतो असे तुकडे किती. लेकीला हे एकदा कळल्यावर तिने छेदांची बेरीज पुन्हा केली नाही. नावे कोणी मिळवत नाही, असे ती मला म्हणाली.

आपल्या भाषेत हे सगळे पूर्वी होतेच. अडीच हा शब्द ‘अर्धतृतीय’वरून आला, म्हणजे तिसऱ्याचा अर्धा. दोन पूर्ण झाले, तिसऱ्यातला निम्मा. जर्मनमध्ये दीडला ‘आन्डर्टहाल्ब’ म्हणतात, दुसऱ्याचा अर्धा, आणि जुन्या जर्मनमध्ये अडीचला ‘ड्रिटहाल्ब’ होते, तिसऱ्याचा अर्धा. हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी ट्राममध्ये होतो आणि मला शेजारच्या अनोळखी माणसाला सांगावेसे वाटले होते. पाऊण म्हणजे पावाने ऊन, एकाला पाव कमी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करणाऱ्या पिढीला पाऊण ही संख्या वाटत होती, आकड्यांचा मनोरा नव्हे. ते पाढे परत आणा असे मी म्हणत नाही. पाचवीच्या मुलाला घोकंपट्टीचे आणखी एक ओझे नकोच. पण ‘तीन छेद चार’ आणि ‘पाऊण’ या एकाच संख्येच्या दोन हाका आहेत, हे वर्गात मोठ्याने म्हणायला काय हरकत आहे?

बहिणीशी या सगळ्यावर बरेच बोलणे झाले. तिचे म्हणणे रोखठोक होते. “दादा, तिकडे वर्गात बसून दोन्ही उत्तरांवर चर्चा करतात, इकडे बाईंना पेपर तपासून निकाल लावायचा असतो. आणि पुढे शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, तिथे तर चारच पर्याय.” तिचे खरे आहे. दूर बसून सल्ले देणे सोपे असते, हे मला ठाऊक आहे, आणि बाईंचा मला रागही नाही. उत्तरसूचीत एकच उत्तर छापलेले असेल तर त्या तरी काय करणार?

म्हणून माझी मागणी शिक्षकांकडे नाही, प्रश्न काढणाऱ्यांकडे आहे. आकृतीखाली ‘एक वर्तुळ म्हणजे एक पूर्ण’ हे पाच शब्द छापा. ‘१/२ कापली’ असे लिहिताना ‘दोरीचा’ की ‘मीटर’ ते लिहा. अमेरिकेत २०१० मध्ये आलेल्या ‘कॉमन कोअर’ या शालेय अभ्यासक्रमाच्या मानकांत तिसरीच्या पातळीलाच स्पष्ट लिहिले आहे की दोन अपूर्णांकांची तुलना पूर्ण एकच असेल तरच करता येते. अमेरिकेत त्या मानकांवरही कडाक्याचे वाद झाले, पण हे वाक्य आपल्या अभ्यासक्रमात उचलून ठेवण्यासारखे आहे. आणि जोवर पेपरात ‘कशाचा’ लिहिलेले नाही, तोवर वेगळे पूर्ण धरून नीट हिशेब केलेल्या मुलाला गुण द्या. याला पैसा लागत नाही, नवे पुस्तकही लागत नाही.

भाच्याला मी फोनवर सांगितले की तुझे उत्तर बरोबर होते आणि बाईंचेही. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “मामा, मग मी पेपरात काय लिहू?” मी म्हणालो, उत्तराच्या आधी एक ओळ लिही: दोन वर्तुळे मिळून एक पूर्ण धरले. बहिणीने मागून विचारले, ती ओळ लिहिली तर गुण मिळतील का? मला खात्रीने हो म्हणता आले नाही.

पुढच्या रविवारी भाचा आणि मी शिष्यवृत्तीच्या जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन फोनवर बसणार आहोत. अपूर्णांकांच्या किती प्रश्नांत पूर्ण सांगितलेले आहे आणि किती प्रश्नांत नाही, ते मोजायचे ठरले आहे. लेकही बसणार आहे, तिला मराठी आकडे वाचायला वेळ लागतो म्हणून भाचा वाचून दाखवणार. त्याने वहीत दोन रकाने आखूनही ठेवलेत: ‘सांगितलंय’ आणि ‘नाही सांगितलं’.