एक ना धड, भाराभर चॅनेल

सोळा चॅनेलचं डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड, म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज मोजून संगणकाला आकडे देणारं कार्ड, आणलंत? अभिनंदन. आता खोकं फोडा, कार्ड काढा आणि सोबतचं माहितीपत्रक खोक्यासकट माळ्यावर टाका. तुम्हाला भट्टीचं तापमान मोजायचंय, परीक्षेला बसायचं नाही.

रेंजला हात लावू नका. कार्ड येतं तसंच, उणे 10 ते अधिक 10 व्होल्टवर राहू द्या. सोळा बिटांचं कार्ड म्हणजे त्या 20 व्होल्टचे 65,536 तुकडे, एक तुकडा साधारण 305 मायक्रोव्होल्टचा. तुमचं के टाइप थर्मोकपल, म्हणजे भट्टीत खुपसलेली तापमान मोजणारी तारांची जोडी, एका अंशामागे देतं जेमतेम 41. म्हणजे भट्टी तापणार ती साडेसात-साडेसात अंशांच्या उड्या मारत. उसाच्या ट्रकच्या काट्यावर मंगळसूत्र तोलण्याचा हा प्रकार, पण घाबरू नका. सॉफ्टवेअरमध्ये जाऊन चार दशांश स्थळं चालू करा. पडद्यावर 412.5037 उमटलं की साहेबांच्या चेहऱ्यावर जी तृप्ती येते, ती रेंज कमी करून कधीच येणार नाही.

वेग मात्र पूर्ण ठेवायचा, पैसे मोजलेत. सोळा चॅनेल दिसत असले तरी आत मोजणारा एकच असतो. भरलेल्या एसटीतल्या कंडक्टरसारखा तो एकेकापाशी जातो. सेन्सरच्या वाटेत 100 किलोओहम आणि कार्डाच्या पोटात 100 पिकोफॅरड धरले, तर व्होल्टेज सोळा बिटांइतकं स्थिरावायला सुमारे 120 मायक्रोसेकंद लागतात. तुम्ही सेकंदाला अडीच लाख नमुने मागताय, म्हणजे एकेकाच्या वाट्याला 4. मागच्याचे सुटे पैसे हातात असतानाच पुढच्याचं तिकीट फाडलं जातं. मग तिसरा चॅनेल दुसऱ्याची री ओढतो. इतकंच काय, ज्या चॅनेलला काहीच जोडलेलं नाही तोही शेजाऱ्याच्या पेपरात बघून झकास उत्तर लिहितो. अशा वेळी कुणी आगाऊ मुलगा म्हणेल, वेग कमी करू, मध्ये सिग्नलला जोर देणारा बफर टाकू, मोकळे चॅनेल ग्राउंडला जोडू. त्याला चहा सांगायला पाठवा. सगळे चॅनेल एकमताने बोलतायत, याहून मोठा पुरावा कुठला?

शिल्ड, म्हणजे तारेवरचं गोंगाट अडवणारं धातूचं वेष्टन, दोन्ही टोकांना अर्थ करा. एका टोकाला केलं तर दुसऱ्याला वाईट वाटतं. दोन अर्थिंगमधल्या फरकाने शिल्डमधून करंट वाहील, वाहू द्या. तेवढीच तारेला ऊब. आणि तारा व्हीएफडीच्या, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या गोंगाटी यंत्राच्या, केबलसोबत एकाच ट्रेमधून न्या. ट्रे एकच मंजूर झालाय.

आता विजेच्या पुरवठ्यातून मोजणीत शिरणारी 50 हर्ट्झची गुणगुण. तिच्यावर नामी उपाय आहे: सेकंदाला बरोबर 50 नमुने घ्या. प्रत्येक नमुना लाटेच्या त्याच जागी पडतो आणि गुणगुण गायब! म्हणजे जात नाही, आकड्यात मिसळून सभ्य होते. कधी ग्रिड 49.95 वर आलं, तर आलेखावर 20 सेकंदांची संथ लाट उठेल. तिला ‘भट्टीचं नैसर्गिक चक्र’ असं नाव द्या. पूर्ण 20 मिलिसेकंदांची सरासरी घेतली की ही कटकट मिटते म्हणे, पण मग अहवालात चक्र कुठून आणणार?

एक पथ्य मात्र कडक पाळा. थर्मोकपलची तार काढून त्या जागी शॉर्ट मारून, म्हणजे चॅनेलची दोन टोकं थेट एकमेकांना जोडून, बघू नका. आम्ही एकदा बघितलं. शॉर्ट केलेला चॅनेल कार्डापाशी असलेलं, म्हणजे खोलीचंच तापमान दाखवतो; खोलीत 31 अंश होते, चॅनेलनेही 31 च दाखवायला हवे होते. दाखवले 46. दुपारभर एकमेकांकडे बघत बसलो, मग एक्सेलमध्ये त्या रकान्यातून सरसकट 15 वजा केले. ऑडिटला आलेल्या गृहस्थांनी चष्मा वर करून चौथ्या दशांशापर्यंत आकडे वाचले आणि सही केली.