एनर्जी जेलची रिकामी पुडी खिशात ठेवायला काय होतं?

डोंगरात पळायला येणाऱ्यांनो, डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. कुणाला लागलं तर लागू दे.

भरलेलं एनर्जी जेल, म्हणजे पळताना ताकदीसाठी चोखायचा गोड पाक, साधारण तीस-चाळीस ग्रॅमचं असतं. ते तुम्ही कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून टेकड्यामागून टेकड्या चढत-उतरत छातीशी बांधून आणता. काही वाटत नाही. चोखून झालं की हातात उरते ती चिमूटभर वजनाची रिकामी पुडी, आणि नेमकी तीच तुम्हाला जड होते? पाठीवर हजारो रुपयांचं हायड्रेशन पॅक, म्हणजे पाणी न्यायची सॅक, त्याला पुढे चार खिसे, बाजूला दोन, कमरेला पट्टा वेगळा. त्यातला एक खिसा कचऱ्याला देता येत नाही? हात चिकट होतात म्हणे. होऊ देत की! घामाने आणि लाल मातीने अंग बरबटलेलं चालतं आणि बोटाला लागलेला साखरेचा पाक चालत नाही?

राग जास्त येतो कारण दिवस फार सुंदर होता. पावसाळा सरतानाचा रविवार, कात्रज ते सिंहगड. ज्यांनी ही वाट केलीय त्यांना सांगायला नको. पठारांवर सोनकी पिवळीजर्द फुललेली, उतारांवर तेरडा, वाऱ्याबरोबर ढग अंगावरून जाताहेत आणि ढग फाटला की लांबवर सिंहगडावरचा टीव्हीचा टॉवर दिसतोय. तो टॉवर काही केल्या जवळ येत नाही. या वाटेवर टेकड्या तेरा की चौदा, यावरून आमच्या ग्रुपमध्ये दर वेळी भांडण होतं, तसं याही वेळी झालं. मुरमाड घसाऱ्यावर दोघंजण बसूनच खाली आले. साठी उलटलेले आमचे काका पोरांना उतारावर गाठायचे आणि पुढे जाताना मोठ्याने हाळी द्यायचे. गडावर सगळ्यांत शेवटी पोहोचेल त्याने पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही द्यायचं, असं ठरलेलं. पेसचं, म्हणजे वेगाचं, टेन्शन नाही, घड्याळाकडे बघणं नाही. अशा लाँग रनसाठीच तर माणूस पहाटे उठतो.

आणि मग ती वाट दिसायला लागते. म्हणजे वाटेवर काय पडलंय ते दिसायला लागतं. पहिल्या एक-दोन टेकड्यांवर चिप्सची पाकिटं, ती हौशी लोकांची. पण जसजसं आत जावं तसतसा कचरा बदलतो. चिप्स संपतात आणि जेल सुरू होतात. इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे पाण्यात घालायच्या क्षारांच्या, गोळ्यांच्या नळ्या, प्रोटीन बारची वेष्टनं, अर्धा लिटरच्या बाटल्या. इतक्या आत सहलीला आलेली कुटुंबं येत नाहीत. हा कचरा आपला आहे, पळणाऱ्यांचा. सगळा दोष ‘पब्लिक’वर ढकलून मोकळं व्हायची सोय इथे नाही.

सर्वांत वाईट कोणती गोष्ट, सांगते. पुडी फाडताना तिचा जो कोपरा सुटतो ना, नखाएवढा, आतून चंदेरी, तो. पुडी निदान दिसते तरी, मागून येणारा एखादा भला माणूस उचलतो. हा कोपरा कुणीच उचलत नाही. एका खिंडीत श्वास घ्यायला थांबले होते. सहज खाली पाहिलं तर पायाजवळच्या हातभर जागेत असे कितीतरी तुकडे चिखलात रुतलेले. काही सोनकीच्या बुंध्याशी अडकलेले, काहींवरून बुटांचे ठसे गेलेले. उकरून काढायला गेले तर काही निघाले, काही मातीतच राहिले. प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकावर एक चिकटवलेले असतात ते. कुजत नाहीत, भंगारवालाही घेत नाही. कोपरा पूर्ण न तोडता पुडी फाडता येते. दाताने अर्धवट ओढायचं, बस. एवढंही शिकायचं नसेल तर कशाला येता डोंगरात?

त्याच खिंडीच्या पुढे एका भाऊंनी माझ्या डोळ्यांसमोर पुडी टाकली. चुकून पडली असेल म्हणून मी हाक मारली, “अहो दादा, पुडी पडली तुमची.” मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाले, “असू दे हो, क्लीनअपवाले येतात मागून.”

कोण क्लीनअपवाले? तुमच्या घरचे नोकर आहेत का ते? कॉलेजची पोरं असतात ती, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खर्चाने येतात आणि ज्या घसाऱ्यावर तुम्हाला हात टेकावा लागतो तिथून पाठीवर पोतं घेऊन उतरतात. ती येतात म्हणून तुम्ही टाकणार?

पुढे एक मावशी ताक घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या बाजूला रिकाम्या बाटल्यांनी गच्च भरलेलं गोणपाट. मी विचारलं तर म्हणाल्या, “गुरं खात्यात गं बाय. केळाची साल पिशवीत घालून टाकत्यात, वासानं गाय पिशवीसकट गिळती. पळायचं तर पळा की, पर ह्ये उचलायचं कुनी?” मला उत्तर देता आलं नाही. काय देणार? आम्ही छंद म्हणून पळतो आणि त्यांच्या गोठ्यातली गाय मरते. ‘साल तर कुजतेच ना’ म्हणणाऱ्यांनी त्या मावशींसमोर उभं राहून हे म्हणून दाखवावं. आणि गाईचं काही वाटत नसेल तर स्वतःच्या नळाचा तरी विचार करा. सिंहगडाच्या उत्तरेच्या उतारावरचं पाणी ओढ्यांनी खडकवासल्यात जातं. तेच पुण्याला प्यायला येतं.

क्रॉस-कंट्रीची, म्हणजे रानावनातून पळायच्या शर्यतींची, सुरुवातच मुळी कागद टाकत पळण्यातून झाली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या शाळांमध्ये पुढे पळणारी पोरं ‘ससे’ होऊन कागदाचे कपटे टाकत जायची आणि मागची ‘शिकारी कुत्रे’ होऊन त्या खुणेवरून त्यांना शोधायची. लंडनला 1868 साली क्लब निघाला त्याचं नावही त्या ससे-कुत्र्यांच्या खेळावरूनच पडलं, ‘थेम्स हेअर अँड हाउंड्स’. पण तो कागद होता, पावसात विरघळून जायचा. आज कात्रज-सिंहगडची वाट नकाशा नसतानाही नुसत्या चंदेरी तुकड्यांवरून सापडेल. लाज वाटते.

आणि हे अटळ आहे असं कुणी सांगू नका. आल्प्समधल्या यूटीएमबी या डोंगरी शर्यतीला प्रत्येकाला स्वतःचा प्याला जवळ ठेवावा लागतो, पाण्याच्या टेबलावर प्याले मिळतच नाहीत, आणि कचरा टाकला तर दंड बसतो. सहारात 1986 पासून होणाऱ्या माराथाँ दे साब्ल या शर्यतीत पाण्याच्या बाटल्यांवर धावपटूचा नंबर घातलेला असायचा. बाटली वाळवंटात सापडली की कुणाची ते लगेच कळायचं. आपल्याकडे काय? 2018 पासून राज्यात प्लॅस्टिकबंदी आहे आणि तरी डोंगरातल्या स्पर्धांमध्ये टेबलावर प्याल्यांचे ढीग लागतात. कागदाचे आहेत म्हणे! आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं त्याला. तो प्याला लोक दोन घोट पिऊन पन्नास पावलांवर फेकतात, कारण डबा फक्त टेबलाशेजारी ठेवलेला असतो.

आयोजकांनो, नोंदणीचे हजार-दोन हजार घेता, टीशर्ट देता, मेडल देता. मग बिब, म्हणजे छातीवर लावायचे नंबर, वाटताना टेबलावर एक मार्कर पेन ठेवा. प्रत्येकाने आपल्या प्रत्येक जेलवर, बारवर, बाटलीवर स्वतःचा नंबर तिथेच घालायचा, तुमच्या माणसासमोर. ज्याचा नंबर वाटेत सापडेल तो बाद, मग तो पहिला आलेला असो की शेवटचा. यापुढे पैसे भरायच्या आधी मी हे विचारणार आहे, आणि आमच्या ग्रुपलाही विचारायला लावणार आहे. नंबर घालणार नसाल तर आमची नावं यादीत धरू नका.