आंबा लागतोय का?

इंदूरच्या माणसाला कडू चालत नाही, असा एक गैरसमज आहे. आम्ही मेथी खातो, कारलं खातो, पाडव्याला कडुनिंबाचा पाला चावतो आणि चावताना तोंड वाकडं करतो. यातलं शेवटचं फार महत्त्वाचं. कडू खाल्लं की तोंड वाकडं करायची मुभा पाहिजे. छोट्या ब्रूअरीतल्या हॉप्सवाल्या बिअरने माणसाची नेमकी हीच मुभा काढून घेतली आहे. ती प्यायल्यावर चेहरा विचारी करायचा असतो आणि यात कोणकोणती फळं लागली ते सांगायचं असतं.

भाच्याला बढती मिळाली, म्हणून त्याने मला आणि ताईला जेवायला नेलं. जागा विजयनगरकडची, काचेमागे स्टीलच्या उंच टाक्या, बिअर तिथेच बनते. भाचा बंगळुरात नोकरी करतो आणि या विषयातली दीक्षा तिथूनच घेऊन आलेला आहे. मी लग्नकार्यात, गच्चीवर, वडीलधारे झोपल्यावर बाटलीतली थंड बिअर घेणारा माणूस. ती थंड असली की चांगली असते, एवढंच माझं शास्त्र. ताई लिंबूपाणी घेऊन बसली होती, आणि तिच्यासमोर ग्लास हातात धरायचा म्हणजे काय ते फक्त धाकट्या भावांनाच कळेल.

मेनूवर बिअरच्या नावाखाली लिहिलं होतं: आयबीयू 70, अल्कोहोल 7.5 टक्के.

‘‘आयबीयू म्हणजे कडूपणाचं माप, मामा. तुमची ती बाटलीतली दहा ते वीसच्या घरात असते.’’

‘‘मग ही चार-पाच पट कडू?’’

‘‘तसं सरळ नसतं. माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या धान्याचा, गोडवा ते सांभाळून घेतो.’’

वेटर भला मुलगा होता. म्हणाला, ‘‘अंकल, ये थोड़ी बिटर है, पहले टेस्टर ले लो.’’ भाच्याने त्याला हातानेच थांबवलं आणि पूर्ण ग्लास मागवला. घरच्यांपेक्षा परके जास्त काळजी करतात, ते असं.

ग्लास आला. रंग गढूळ नारिंगी, वर जाड फेस. नाकाजवळ नेल्यावर संत्र्याच्या सालीचा वास आला आणि तो खरोखर छान होता, हे मी आजही नाकारत नाही. फसवणूक तिथेच आहे. पहिला घोट जिभेवरून काही न बोलता मागे गेला आणि घशाच्या तोंडाशी जाऊन बसला. गिळलं की चव संपते, असा माझा आजवरचा अनुभव. इथे गिळल्यावर सुरुवात झाली. निरोप घेऊन उठलेला पाहुणा जिन्यात अर्धा तास बोलत उभा राहतो, तसा तो कडूपणा जाईचना.

‘‘आंबा लागतोय का?’’ भाच्याने पुढे वाकून विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘लिची? पॅशनफ्रूट?’’

पॅशनफ्रूट मी आयुष्यात खाल्लेलं नाही. त्यामुळे ते लागलं असलं तरी मला कळायचा मार्ग नव्हता. ‘‘मग शेवटी पाइन?’’ पाइनचं झाडही मी आजवर कधी चाखलेलं नाही. छप्पन दुकानवर पोहे खाताना कुणी विचारत नाही की भिया, बडीशेप लागतेय का. जिरावण कमी वाटलं तर माणूस मागून घेतो, बरं वाटलं तर दुसरी प्लेट घेतो. परीक्षा पोह्यांची होते, खाणाऱ्याची होत नाही.

भाच्याला वाटलं, माहिती मिळाली की चव लागेल. मग हॉप्स आले. ती एका वेलीची मादी फुलं. माल्टच्या उकळत्या रसात सुरुवातीला टाकून तासभर शिजवली तर कडूपणा उतरतो. उशिरा टाकली, किंवा सगळं थंड झाल्यावर नुसती भिजत ठेवली, तर वास राहतो. या ग्लासातली अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यातून आलेली होती. आपल्याकडे लाहौलमध्येही हा वेल लावतात. आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात हॉप्स आणि भांग एकाच कुळातली. इथे मात्र मला जरा आपलेपणा वाटला. उज्जैन हाकेच्या अंतरावर, भांगेचं आम्हाला काय नवल! पण भांग घोटणारा बदाम, बडीशेप, साखर, दूध घालून तिची समजूत काढतो. याकिमाच्या चुलतभावाला कुणी काहीच समजावलेलं नव्हतं.

तोंडाची चव बदलावी म्हणून मी खिशातली लौंग सेवेची पुडी काढली. इंदूरचा माणूस पुडीशिवाय घराबाहेर पडत नाही, त्यात काही विशेष नाही. विशेष पुढे झालं. मिरचीचा जाळ हॉप्सच्या कडूपणाने विझत नाही, भडकतो. अल्कोहोल त्यात तेल ओततं. हे भाच्याला माहीत होतं आणि त्याने ते मूठभर सेव माझ्या घशाखाली उतरल्यावर सांगितलं. डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी आपल्या मित्राला म्हणाली, ‘‘देख, अंकल कितने इमोशनल हो गए.’’

मी विषय इतिहासाकडे वळवला, कारण तिथे मला बोलता येतं. या बिअरला इंडिया पेल एल म्हणतात. लंडनच्या बो भागातला बिअरवाला हॉजसन ती जहाजात भरून आफ्रिकेला वळसा घालून इकडे पाठवायचा. ती त्यानेच शोधली, ही दंतकथा. उष्ण देशात जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत, हा सल्ला 1760 च्या दशकापासून चालत होता. आपण महिदपूरला डिसेंबर 1817 मध्ये हरलो, जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि महूला इंग्रजांची छावणी पडली. ‘‘म्हणजे होळकरांची फौज हरली नसती,’’ मी म्हणालो, ‘‘तर आज ही...’’

‘‘तरी बंगळुरात आलीच असती, मामा.’’

इतका वेळ ताई गप्प होती. ती लहानपणापासून काडेचिराईताचा काढा घेत आली आहे, आणि आम्हा भावंडांनाही नाक दाबून पाजलेला आहे. वेल, फुलं, उकळणं, एवढंच तिने या सगळ्यातून उचललं असावं.

‘‘औषधी आहे का रे?’’ तिने मुलाला विचारलं.

भाचा गडबडला. ‘‘म्हणजे, जर्मनीत झोप येण्यासाठी हॉप्सचा काढा घेतात, आई, पण...’’

पुढचं ऐकायला ती थांबली नाही. माझा ग्लास ओढून तिने काढा घेतात तसा डोळे मिटून एक मोठा घोट घेतला. आम्ही दोघं तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. चेहरा जागचा हलला नाही.

‘‘पपनस,’’ ती म्हणाली. ‘‘सालीच्या आतला पांढरा भाग असतो ना, तो.’’

भाचा हर्षाने उभाच राहिला. ग्रेपफ्रूट! अगदी तेच! त्याने काचेमागून ब्रूअरला बोलावून आणलं. तो दाढीवाला तरुण हात पुसत आला, मराठी बोलणारी मावशी बिअरची पारख करतेय म्हटल्यावर खुर्ची ओढून बसला आणि त्याने अदबीने विचारलं, ‘‘कशी वाटली, मावशी? काही बदल सुचवाल?’’

ताईने आणखी एक घोट घेतला, विचार केला.

‘‘बाकी ठीक आहे,’’ ती म्हणाली, ‘‘पण अंमळ गोड झाली आहे.’’