११ ऑक्टोबर १९६८ : टिल्लू पंप विकणे आहे

शाळेतल्या मॅडमचा फोन आला. आवाजात हसू दाबलेलं. "काका, तुमच्या फळ्यावरचं दिनविशेष आज सहावीतल्या पोरीनं परिपाठात वाचलं. '१९६८ : टिल्लू पंप विकणे आहे, चालू कंडिशन.' पुढच्या वेळी जरा बघून लिहीत जा हो."

जरा बघून! चष्म्याच्या दोन काचा पुसून, जुनी वही उघडून, ओळ सरळ यावी म्हणून पट्टी धरून लिहिणाऱ्या माणसाला म्हणे बघून लिहा.

आमच्या फाट्यावर वाचनालय आहे, म्हणजे खोली आहे आणि तिला कुलूप आहे. बाहेरच्या भिंतीवर फळा आहे. मी नोकरीतून मोकळा झालो तेव्हा सचिव म्हणाले, तुमचं अक्षर चांगलं आहे, सकाळी दिनविशेष लिहीत जा, पोरांना उपयोग होईल. खडू माझा, फडकं माझं, अक्षर माझं. फळा तेवढा वाचनालयाचा. शाळेत जाणारी पोरं तिथं थांबतात, वहीत उतरवून घेतात आणि परिपाठात वाचतात. गावात माझं एवढंच साहित्य प्रसिद्ध होतं.

तर आज मी लिहिलं होतं : १९०२, जयप्रकाश नारायण यांचा जन्म. १९४२, अमिताभ बच्चन यांचा जन्म. १९६८, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं मोझरीला महानिर्वाण. आणि खाली, पुन्हा १९६८, अमेरिकेच्या अपोलो ७ यानाचं उड्डाण. मी चहाला घरी गेलो तेवढ्यात कुणीतरी शेवटच्या ओळीवरून तळहात फिरवला, साल तेवढं ठेवलं आणि पुढं पंप विकायला काढला. खडूही माझाच वापरला. मी चौकटीवर ठेवून गेलो होतो.

पण हे नंतरचं. त्याआधी सकाळी मी लिहीत असताना थांब्यावर एक आबाजी बसले होते. डोक्यावर भगवी टोपी, मांडीवर पिशवी, पिशवीत दवाखान्याची फाइल. तालुक्याला जायचं होतं आणि गाडी आली नव्हती. गाडी न येणं हे माझ्या फळ्याचं मोठं भांडवल आहे. ती वेळेवर आली तर फळा वाचायला कुणी उरणार नाही.

"जय गुरु भाऊ. महाराजांचं काय लिवून राह्यले?"

"जय गुरु. आज पुण्यतिथी ना, आबाजी."

"कोन म्हन्ते? पुण्यतिथी अश्विन वद्य पंचमीले असते. मोझरीले त्याच दिवशी ४ वाजून ५८ मिनिटानं मौन श्रद्धांजली होते. लाखानं लोक जाग्यावर उभे राह्यतात. आज का पंचमी हाय?"

"पण तारीख ११ ऑक्टोबर होती. त्या वर्षी पंचमी आणि ११ तारीख एकाच दिवशी आली होती."

"त्या वर्षी आली ना? दरसाल येते काय?"

या प्रश्नाला उत्तर नाही. शिवजयंती तारखेनं की तिथीनं यावर महाराष्ट्रानं वर्षानुवर्षं डोकेफोड केली, तिथं मी खडूच्या एका तुकड्यानिशी काय करणार? पण मीही हटलो नाही. म्हटलं, तारीख तिथीपेक्षा पक्की असते. आणि लगेच माझ्याच वहीतली एक नोंद डोळ्यांसमोर आली. माहिती असली की माणसाला गप्प बसवत नाही.

"तसं पाहिलं तर १५८२ साली इटली, स्पेन, पोर्तुगालात ११ ऑक्टोबर उगवलाच नव्हता, आबाजी. लोक गुरुवारी, ४ ऑक्टोबरला झोपले आणि उठले ते शुक्रवारी, १५ ऑक्टोबरला. पोप ग्रेगरीनं मधले १० दिवस काढून टाकले."

आबाजींनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "काहून?"

"जुन्या कॅलेंडरचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण ११ मिनिटांनी लांब होतं. ते साचत साचत १० दिवसांवर गेलं. त्यांचे सण पुढंमागं व्हायला लागले."

"अकरा मिनिटं?" आबाजींनी रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर एक कुत्रं होतं आणि गाडी नव्हती. "अकरा मिनिटासाठी दहा दिवस कापले? आपली गाडी रोज घंटाभर लेट येते, तिचं कोनी काई कापलं नाही."

मी ओळ लिहीत राहिलो. मागून पुन्हा आवाज.

"मंग त्या दहा दिवसाची मजुरी कोनी देल्ली?"

"कामच झालं नाही तर मजुरी कसली?"

"तसं कसं? सोंगनीचे दिवस असतीन ना. अन् सावकारानं त्या महिन्याचं याज पुरं घेतलं असन. दहा दिवस कापून घेतलं असन काय?"

खरं सांगतो, इतकी वर्षं ही नोंद माझ्या वहीत होती, पण याज कुणी मोजलं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पोपला पडला होता की नाही, कोण जाणे. विदर्भातल्या कास्तकाराला मात्र पहिला तोच पडतो.

तेवढ्यात त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली. "अन् हे अपोलो काय हाय? दवाखाना?"

"यान. तीन माणसं घेऊन वर गेलं. ११ दिवसांत पृथ्वीभोवती १६३ चकरा मारल्या."

"आनलं काय तठून?"

"काही नाही. चंद्रावर जायची तालीम होती ती. चंद्रावर पुढच्या वर्षी गेले, दुसरे."

"म्हन्जे चकरा याईच्या अन् हार दुसऱ्याच्या गयात." आबाजींना ते ओळखीचं वाटलं असावं, कारण ते पहिल्यांदा हसले.

मग मी त्यांना सर्दीची गोष्ट सांगितली. ती सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही. शिर्रा म्हणून त्यांचा म्होरक्या. वर जाऊन दिवस होत नाही तो त्याला सर्दी झाली. तिथं वजन नाही, त्यामुळं नाक खाली गळत नाही, सगळं डोक्यात साचून राहतं. माणूस वैतागला. खालच्या साहेबांशी त्याची वादावादी झाली. यानातून टीव्हीवर दाखवायचा कार्यक्रम होता, तो आधी टाळला. उतरताना साहेब म्हणाले, हेल्मेट घाला. हा म्हणाला, नाही घालत, नाक शिंकरायला हात कुठून घालू?

"नाहीच घातलं?"

"नाही. तिघंही तसेच उतरले."

"अन् पावती नाही फाडली?"

"पावती नाही. पण त्या तिघांपैकी कुणीही पुन्हा कधी वर गेलं नाही."

"मंग पावतीच झाली ते." आबाजींनी निकाल दिला. मग जरा थांबून, "एवढा खर्च केला याईनं, ओव्याची पुरचुंडी द्याची ना संगं. दोन दिवस हुंगली असती त नाक मोकयं झालं असतं. किती वाजता उडलं होतं?"

"तिकडं सकाळचे ११ वाजले होते. आपल्याकडं रात्रीचे साडेआठ."

ते बोटांवर काहीतरी मोजू लागले. "म्हन्जे महाराज जाऊन साडेतीन घंटे झाले होते. मी शायेत होतो तवा. त्या राती आमच्या गावात चूल नाही पेटली भाऊ. माय म्हने, पोट्टे उपाशी झोपले त झोपू दे." आणि एकदम मान वर करून, "अन् याईनं तिकडं एवढी आग लावली!"

मी त्या दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या होत्या, साल सारखं म्हणून. मला त्यात आणखी काही दिसलं नव्हतं.

अमिताभ बच्चनबद्दल मात्र त्यांची तक्रार नव्हती. "त्याची तारीख खरी असन. बाप शिकेल होता त्याचा. माही पाहा ना. माहा जन्म पोयाच्या करीचा, माय सांगे. शायेत नाव घालाले नेलं त गुर्जीनं १ जुलै लिवला. भावाचाही १ जुलै. बहिनीचाही १ जुलै. एका मायले एका तारखेले तीन लेकरं, अन् तेही वेगयवेगय्या साली. आता आधारवर तेच, बँकेत तेच, अन् दवाखान्याच्या या फाइलीतही तेच."

आमच्या पट्टीत साठीच्या वरच्या माणसाला जन्मतारीख विचारायची नसते, ती सांगायची असते. १ जुलै नाहीतर १ जून. गावाची मतदार यादी वाचली तर वाटावं, १ जुलैला इथं पिढ्यानपिढ्या काहीतरी साथ येत होती. आबाजींना बरं वाटावं म्हणून मी सांगितलं की वसंतराव नाईकांचा जन्मही १ जुलैचाच, १९१३ सालचा, पुसदजवळच्या गहुलीचा. म्हणूनच आपला कृषी दिन त्या दिवशी असतो. आणि बंगालचे मुख्यमंत्री डॉक्टर बिधानचंद्र रॉय तर जन्मले १ जुलैला, १८८२ मध्ये, आणि गेलेही १ जुलैलाच, १९६२ मध्ये.

"मरालेही तेच तारीख ठेवली? बरं केलं. तुमची एक ओय वाचली फयावरची."

मी चहाला निघालो तो इथं. परत येईपर्यंत पंप लागला होता, पोरगी वही मिटून शाळेत गेली होती आणि आबाजी होते तिथंच होते, कारण गाडी अजून आली नव्हती.

"आबाजी, ही ओळ कुणी पुसली?"

"एक पोट्टा आलता मोटरसायकलवर. सारंच पुसून राह्यला होता तो. मीच म्हटलं, महाराजाले हात लावशील त पाह्य. खालचं पुस म्हटलं, ते सर्दीवाले."

"आणि साल का ठेवायला लावलं?"

"राहू दे म्हटलं. पंपाचं मॉडेल समजंन लोकाले."

काय बोलणार? मी मॅडमला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उद्या परिपाठात तेही वाचलं गेलं असतं. तिकडं पंपवाल्याला दुपारपर्यंत फोनावर फोन आले म्हणे, गिऱ्हाईक लागलंही. माझ्या फळ्यावरचं वाचून कुणी मला साधी हाक मारली असेल तर शपथ. तेच लोक मोबाईलवर आलेलं दिनविशेष डोळे मिटून पुढं ढकलतात. त्यात माणूस गेला त्या दिवशी जन्मलेला असतो, आणि मी चूक दाखवली की म्हणतात, काका, भावना समजून घ्या.

भावनेवरून आठवलं. १९ मार्चला मी फळ्यावर एकच ओळ लिहिली होती. १९८६, यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकऱ्यानं बायको आणि चार लेकरांसह जीव दिला तो दिवस. त्या दिवशी अजूनही कित्येक जण अन्नाला शिवत नाहीत. माझ्या वहीत या भागाची जी थोडी पानं आहेत, त्यातलं हे एक. सचिव सकाळीच आले, स्वतःच्या रुमालानं ओळ पुसली आणि म्हणाले, सकाळी सकाळी असलं कशाला? येणारे-जाणारे वाचतात. येणारे-जाणारे वाचतात म्हणूनच तर लिहायचं ना? त्या जागी त्यांनी लिहिलं, 'आरोग्य हीच संपत्ती.' माझ्या खडूनं. पंपवाल्यावर मी चिडतो खरा, पण त्यानं निदान आपलं खरंच विकायचं होतं ते लिहिलं.

संध्याकाळी सचिव भेटले. शाळेतला किस्सा त्यांच्या कानावर आला होता. पोट धरून हसले. मग म्हणाले, "उद्या जरा वजनदार लिहा काहीतरी, म्हणजे विषय मागं पडेल. उद्या काय आहे?"

मी वही उघडली. "१२ ऑक्टोबर. १४९२, कोलंबस अमेरिकेजवळच्या बेटावर पोचला."

"चालेल."

"१९६७, राममनोहर लोहियांचं निधन."

"चालेल, चालेल."

"२००५, माहितीचा अधिकार कायदा लागू झाला."

सचिवांनी वाचनालयाच्या कुलपाकडं पाहिलं, मग माझ्या वहीकडं. "कोलंबसचं जरा सविस्तर लिहा ना," म्हणाले. "फळा भरून."