पोतदारही तिऱ्हाईतच होता

काका, नमस्कार.

वयानं मोठे आणि छंदातही जुने, म्हणून काका म्हणतो. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण त्यातलं निम्मं मला पटलं होतं आणि निम्मं अजिबात पटलं नव्हतं. दोन ओळींत भागणार नाही, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की महागाचं नाणं घ्यायचं तर तिऱ्हाइतानं तपासलेलं, दर्जा ठरवून सीलबंद डबीत घातलेलं घ्यावं. त्यावर उदगीरच्या काकांचं म्हणणं असं: चाळीस वर्षं नाणी जमवतोय, एकही डबी विकत घेतली नाही. सराफ्यात फरशीवर वाजवलं, काट्यावर टाकलं, की खरं-खोटं कळतं. नाणं प्लॅस्टिकात कोंडलं की मेलं. शिवाय मराठवाड्यातल्या मास्तर-कारकुनांना अमेरिकेच्या कंपन्यांच्या दारात उभं करायचा हा धंदा आहे आणि त्यात लेखकाचाही वाटा असणार.

शेवटचं आधी घेतो. वाटा नाही, कधी नव्हता.

आता वाजवून बघण्याचं. २०१४ साली मी जालन्यात सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया घेतला. तो का हवा असतो हे तुम्हाला सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. १९३८ आणि १९३९ साल असलेले रुपये जुन्या मापाचे, वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के. १९४०पासून चांदी निम्म्यावर आली. जुन्या मापाच्या या शेवटच्या जोडीपैकी १९३८चा सहज मिळतो, १९३९चा मात्र फार थोडा बाहेर आला. म्हणून दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

विकणारा ओळखीचा होता. तुम्ही सांगता ते सगळं मी केलं. फरशीवर टाकला, खणखणीत वाजला. काट्यावर ठेवला, ११.६२ भरला, म्हणजे झीज धरून बरोबर. शेजारच्या सराफानं हातात घेऊन चांदीची खात्री दिली. मी बावीस हजार मोजले आणि घरी येताना बसमध्ये तीनदा खिसा चाचपला. आठ महिन्यांनी पुण्याच्या एका प्रदर्शनात एका जुन्या संग्राहकांना तो दाखवला. त्यांनी भिंगाखाली धरला, काही न बोलता नाणं आणि भिंग दोन्ही माझ्या हातात दिलं. नऊच्या खालच्या बाजूला, डावीकडे, जिथं नुसती सपाट जमीन असायला हवी तिथं एक किंचित खोलगट, गुळगुळीत जागा होती. आजूबाजूला नाण्याची मूळ झळाळी बारीक रेषांत पसरलेली होती. त्या एवढ्याशा जागी ती तुटली होती. आठाच्या खालच्या गोलाची डावी बाजू कुणीतरी कोरून काढली होती. १९३८चा अस्सल रुपया होता तो, काका. म्हणून तर वाजला, म्हणून तर भरला. आवाज धातूचा असतो, सालाचा नसतो.

पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की भिंग माझ्याकडेही होतं. दहा पटींचं, चांगलं. मी ते नऊवर धरलंही होतं. मला तो खरा असायला हवा होता, म्हणून मला खोलगट जागा दिसली नाही. विकणाऱ्याची गरज आपण ओळखतो. घेणाऱ्याची हाव ओळखायला तिथं कुणी नसतं. तिऱ्हाईत लागतो तो यासाठी. त्याला माझ्याहून जास्त कळतं असं दर वेळी नसेल, पण ते नाणं खरं निघालं काय आणि खोटं निघालं काय, त्याला सारखंच.

आणि हे अमेरिकेहून आलेलं खूळ नाही. तुमच्या-माझ्या गावात पोतदार आडनावाची घरं आहेत. पोतदार म्हणजे सरकारी भरण्यात आलेलं नाणं पारखणारा माणूस. बऱ्याच गावांत हे काम सोनाराकडेच असे. रयत सारा घेऊन यायची, पाटील-कुलकर्णी मोजून घ्यायचे, पण नाणं चोख की हिणकस हे त्या दोघांपैकी कुणी ठरवायचं नाही. ते पोतदारानं ठरवायचं. जुन्या चांदीच्या रुपयांवर बारीक ठसे दिसतात ना, चांदणीसारखे, फुलासारखे? ते सराफांचे. आत तांबं आणि वर चांदीचा मुलामा तर नाही ना, हे बघून मारलेले. डबी नव्हती, ठसा होता. काम तेच.

बट्टा, म्हणजे नाणं बदलून घेताना कापली जाणारी रक्कम, हा शब्दही तिथलाच. माझी आजी परभणी जिल्ह्यातली, तिचं अर्धं आयुष्य निजामाच्या राज्यात गेलं. तिच्या तोंडी शेवटपर्यंत 'हाली' आणि 'कलदार' हे शब्द होते. हाली म्हणजे निजामाचा हाली सिक्का, कलदार म्हणजे इंग्रजांचा यंत्रावर पाडलेला रुपया. कुणी पैशाची गोष्ट काढली की ती आधी विचारायची, "हाली का कलदार?" कारण शंभर कलदारला साधारण ११६ हाली पडत. मला लहानपणी हा निव्वळ सावकारी अन्याय वाटायचा. पुढं एकदा हिशेब मांडून बघितला. चारमिनारच्या रुपयाचं, म्हणजे चारमिनारचं चित्र असलेल्या हाली रुपयाचं, वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. कलदारात १०.६९ ग्रॅम. भागून बघा: शंभर कलदारातली चांदी ११७ हालीत येते. आजीचा बट्टा आणि तराजू जवळजवळ जुळतात. तेव्हा काट्याचं मोल मी नाकारत नाही. धातूचा प्रश्न असेल तर काटा आजही पुरेसा आहे. पण आपण आता धातूची किंमत देत नाही. आपण सालाची, टांकसाळीच्या खुणेची, न झिजलेल्या पृष्ठभागाची किंमत देतो, आणि ती काट्यावर भरत नाही.

पृष्ठभागावरून आठवलं. आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये चिंचेनं धुऊन रांगोळीनं घासायची पद्धत होती. तुमच्याकडेही असेल. मीही दहा-बारा वर्षांचा असताना ओट्यावर बसून घासलेत आणि कसे लखलखतात म्हणून खूश झालोय. त्यातला एक सातव्या एडवर्डचा, १९०७चा, अजून माझ्याकडे आहे. उघड्या डोळ्यांनी बघाल तर नवाकोरा. भिंगाखाली राजाच्या गालावर आणि मानेवर शेकडो ओरखडे आहेत, सगळे एकाच दिशेनं, माझा अंगठा फिरला त्या दिशेनं. दर्जा ठरवणारे अशा नाण्याला आकडा देत नाहीत. खरं आहे पण घासलेलं आहे, एवढंच लिहून देतात. लमाणी बायकांच्या ओढणीवरून किंवा गळ्यातल्या माळेतून सुटून आलेल्या रुपयांचंही तेच. कडेला कडीसाठी दिलेला डाग, म्हणजे झाळ, काढल्याची खूण असते, व्यापारी ती सफाईनं बुजवतो आणि आपण 'छान नाणं' म्हणून घेतो. मला हे रुपये प्रिय आहेत, कुणाच्या तरी अंगावर मिरवलेले आहेत. पण घेताना ते काय आहेत हे कळलं पाहिजे आणि त्याच भावात मिळाले पाहिजेत.

आता तुमचं जे पटलं ते.

पैठणला, तेरला, भोकरदनला मिळालेली सातवाहनांची शिशाची आणि पोटीनची, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूची, नाणी घ्या. हत्ती असतो, उज्जैन चिन्ह (फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं) असतं, अक्षरं निम्मी नाण्यावर आणि निम्मी बाहेर गेलेली. हातानं ठोकलेलं नाणं, ठसा मोठा आणि चकती लहान. याला दर्जा ठरवणाऱ्यांच्या १ ते ७०च्या मापात बसवण्यात अर्थ नाही, इथं तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. ते माप शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४९ साली त्यांच्याकडच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी बांधलं. त्याचा हिशेब असा की ७० दर्जाच्या नाण्याची किंमत १ दर्जाच्या नाण्याच्या सत्तर पट. बाजारानं तो हिशेब केव्हाच सोडला, आकडा तेवढा राहिला. प्राचीन नाण्यांना डबीत घालणारे आता ठोक आणि पृष्ठभाग यांना पाचपैकी वेगवेगळे गुण देतात, ते जरा बरं. तरीही तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन एक दुपार काढली तर सातवाहनांच्या काळाची ओळख डबीतल्या कुठल्याही चिठ्ठीपेक्षा चांगली होते. (आणि शेतात नांगराला नाण्यांचं गाडगं लागलं तर ते १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणं कलेक्टरला कळवायचं असतं. त्याच्या डब्या करायच्या नसतात. मला महिन्याला एकदा तरी यावर विचारणा होते.)

आकड्याबद्दलही तुमचा राग रास्त आहे. ६४ आणि ६५ यांत फरक एका ओरखड्याचा, किमतीत मात्र दुप्पट-तिप्पट. तेच नाणं डबीतून काढून पुन्हा पाठवलं तर एखादा आकडा इकडेतिकडे होतो, हे संग्राहक उघड सांगतात. दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन कंपन्यांपैकी पीसीजीएस १९८६ला सुरू झाली, एनजीसी १९८७ला, आणि २००७मध्ये त्यांच्या डब्यांवर पुन्हा पसंतीचा हिरवा ठप्पा लावणारी तिसरी कंपनी निघाली. पारख्यावर पारखी. म्हणून माझं मत असं: खरं की खोटं, छेडछाड झालीय का, घासलंय का, एवढ्या उत्तरांसाठी पैसे द्यावेत. आकड्यासाठी देऊ नयेत.

एक चूक माझी. मागच्या लेखात मी कायद्याचं लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. मग ते दर्जा ठरवायला का असेना. तेव्हा जुना हाली सिक्का कुणीही अमेरिकेला पाठवू नये. ही सेवा भारतातही मिळते. मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांत चौकशी करावी, आणि डबी, टपाल, विमा यांचा खर्च नाण्याच्या किमतीशी ताडून बघावा. पाचशेच्या नाण्यासाठी असल्या भानगडीत पडूच नये.

डबीचं आणखी एक. आपल्याच दौलताबादला राजधानी नेणाऱ्या मुहम्मद तुघलकानं १३३०च्या सुमारास पितळ-तांब्याचं नाणं चांदीच्या टंक्याच्या भावानं चालवलं. नक्कल करणं सोपं होतं, लोकांनी घरोघरी केली, आणि दोन-तीन वर्षांत त्याला ती सगळी परत घ्यावी लागली. आज डब्यांच्याही नकला येतात, चिठ्ठी आणि पट्टीसकट. म्हणून डबी बघून थांबायचं नाही. तिच्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालायचा, तिथल्या फोटोतला एखादा डाग किंवा ओरखडा हातातल्या नाण्यावर शोधायचा. नुसता क्रमांक जुळणं पुरेसं नाही. खरा क्रमांक खोट्या चिठ्ठीवर छापता येतो.

प्लॅस्टिकात नाणं मरतं म्हणता. डबीत घातलेलं नाणं कडेवरून बोट फिरवून अनुभवता येत नाही, हे दुःख मलाही आहे. पण बाजारातल्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत नाणी ठेवणारे घराघरात आहेत, आणि तिथं तांब्याच्या शिवराईवर हिरवा चिकट थर चढतो तो मी पाहिलाय. ते मरण खरं.

सगळ्यात मनापासून सांगायची गोष्ट वेगळीच आहे. आमच्याकडे एक संग्राहक होते, तुमच्यासारखेच, नजर इतकी तयार की खुजिस्ता बुनियादचा रुपया टांकसाळीचं नाव अर्धं कापलेलं असलं तरी लांबून ओळखायचे. खुजिस्ता बुनियाद म्हणजे आपलं औरंगाबाद, हेही मला त्यांनीच सांगितलं. कुठल्याच नाण्यासोबत त्यांनी चिठ्ठी ठेवली नव्हती, कारण त्यांना गरज नव्हती. ते गेले. मुलानं वर्षाच्या आत सगळं चांदीच्या भावानं तोळ्यावर विकलं. मुलाची काय चूक? त्याला कुणी सांगितलं होतं? मी पोचलो तेव्हा रिकामा पत्र्याचा डबा उरला होता, त्यात दोन शिवराया, त्याही चांदी नव्हती म्हणून.

तुमचा मुलगा पुण्यात असतो असं तुम्ही लिहिलंय. सगळ्या नाही, पण तुमच्या पहिल्या दहा-वीस नाण्यांवर तिऱ्हाइताचा शेरा असू द्या, किंवा निदान वहीत स्वतःच्या हातानं लिहून ठेवा: काय आहे, कुठून घेतलं, कितीला घेतलं, का महत्त्वाचं आहे.

आणि तुम्ही ज्या चारमिनारच्या रुपयाबद्दल विचारलंत, त्याच्या मधल्या कमानीत बघा. सहावा निजाम महबूब अली खानचा असेल तर 'मीम' हे उर्दू अक्षर असेल, सातवा निजाम उस्मान अली खानचा असेल तर 'ऐन'. उस्मान अलीच्या अगदी सुरुवातीच्या रुपयांत ऐन आखूड आहे, नंतरच्यांत पूर्ण. तुमच्याकडचा हिजरी १३३०चा, म्हणजे १९११-१२चा, आणि त्या सालात दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून भिंगाशिवाय ठरवू नका. फोटोत मला आखूड वाटतोय, पण फोटोवरून मी शब्द देणार नाही. पुढच्या महिन्यात लातूरला काम आहे, तिथून उदगीरला येऊन जाईन. भिंग आणतो. तोवर दिवाळी आहे, तेव्हा हा एक रुपया चिंचेपासून लांब ठेवायला घरात सांगून ठेवा.